ओसरती मात्रा : मनोविकारांवरील औषधे थांबविण्याच्या अनुभवलेखनातील आशा आणि आधार

प्रास्ताविक

आजारपणाच्या आत्मकथनांची एक ठरावीक चाल वाचकाच्या परिचयाची झाली आहे. आजार येतो, त्याचे निदान होते, उपचार सुरू होतात आणि अखेरीस माणूस बरा होतो किंवा निदान आजाराशी जुळवून घेतो. या चालीत औषध नेहमी सुटकेच्या बाजूला असते. परंतु गेल्या चार-पाच दशकांत इंग्रजीत असे काही लेखन झाले आहे की ज्यात डॉक्टरांनी रीतसर लिहून दिलेले औषध थांबवणे हाच संकटाचा काळ ठरतो. झोपेसाठी, चिंतेसाठी किंवा नैराश्यासाठी सुरू झालेली गोळी काही वर्षांनी सोडू पाहणारी व्यक्ती, तिला होणारा त्रास, त्या त्रासावर तिच्या भोवतालच्यांनी केलेला विश्वास किंवा अविश्वास, आणि त्यातून तिने शोधलेली वाट हा या लेखनाचा विषय आहे. बार्बरा गॉर्डन यांचे ‘आय'म डान्सिंग ॲज फास्ट ॲज आय कॅन’ (१९७९), हेदर ॲश्टन यांची बेन्झोडायझेपिन-विषयक पुस्तिका (१९९९) आणि लॉरा डेलानो यांचे ‘अनश्रंक’ (२०२५) या तीन संहितांच्या आधारे या लेखनातील आशेचे आणि आधाराचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यांपैकी दोन आत्मकथने आहेत, तर तिसरी रूढ अर्थाने साहित्यकृतीच नव्हे. ती एका औषधशास्त्रज्ञाने रुग्णांसाठी लिहिलेली मार्गदर्शिका आहे. तरीही आशेच्या संदर्भात तीच सर्वांत अधिक विश्वसनीय ठरते, असे या संहिता शेजारी ठेवून वाचल्यास दिसून येते. याचे कारण ॲश्टन यांच्या लेखनकौशल्यापेक्षा या अनुभवाच्या काळरचनेत आहे. आत्मकथनाला पतन आणि उत्थान यांची गरज असते. औषध ओसरण्याचा काळ मात्र असा सरळ चढत नाही. तो पुढे जातो, मागे येतो, आठवडेच्या आठवडे एका जागी थांबतो. ज्या संहितेला हे थांबणे सामावून घेता येते तिच्यातील आशा वाचकाच्या हाती टिकते.

शब्दांचा प्रश्न

या अनुभवाला नाव काय द्यावे यावरच मोठा वाद झालेला आहे आणि समीक्षेच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. बेन्झोडायझेपिन गटातील औषधे, म्हणजे १९६० साली बाजारात आलेले लिब्रियम व १९६३ मधील व्हॅलियम आणि त्यांच्या मागून आलेली औषधे, थांबविल्यावर होणाऱ्या त्रासाला ‘विथड्रॉवल’ हा शब्द यथावकाश स्वीकारला गेला. ब्रिटनमध्ये १९८८ साली औषध-सुरक्षा समितीने ही औषधे दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत असा सल्ला डॉक्टरांना दिला, तोपर्यंत लक्षावधी लोक ती वर्षानुवर्षे घेत होते. नैराश्यावरील नव्या औषधांच्या बाबतीत मात्र १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘डिस्कन्टिन्युएशन’ हा दुसराच शब्द रूढ करण्यात आला. एका औषधकंपनीच्या आर्थिक साहाय्याने १९९६ साली झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीचा आणि तिच्या आधारे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखांचा या रूढीत मोठा वाटा होता. ‘विथड्रॉवल’ या शब्दाला मादक पदार्थांचा वास होता, ‘डिस्कन्टिन्युएशन’ला तसा कोणताच वास नव्हता. पहिल्या शब्दात शरीराला काहीतरी होते, दुसऱ्यात फक्त एक कृती थांबते. त्रास भोगणाऱ्या व्यक्तीला हा फरक निव्वळ शाब्दिक वाटत नाही, कारण तिच्या वेदनेचा कर्ता कोण हे त्या शब्दावरून ठरते.

दुसरा पेच ‘विथड्रॉवल’ आणि ‘रिलॅप्स’ यांतील आहे. गोळी बंद केल्यावर झोप उडते, छाती धडधडते, रडू येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते. पैकी झटक्यासारखी लक्षणे मूळ आजारात नसतात. परंतु निद्रानाश, चिंता आणि रडू हे दोन्हीकडे असते. तेव्हा मूळ आजार उलटला असे डॉक्टर म्हणू शकतो, आणि औषधाची गरज सिद्ध झाली असाही निष्कर्ष काढू शकतो. येथे लक्षण एकच, पण त्याची दोन वाचने संभवतात आणि कोणते वाचन ग्राह्य धरायचे याचा अधिकार रुग्णाकडे नसतो. या संपूर्ण वाङ्मयाचे नाट्य याच अर्थनिर्णयात आहे असे म्हणावे लागेल. साहित्याच्या अध्यापकाला हा प्रश्न परका वाटू नये.

मराठीत या अनुभवाचे नाव शोधू गेल्यास अडचण अधिकच जाणवते. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, त्याच सुमारास अनिल अवचट यांचे ‘गर्द’ हे पुस्तक आले, आणि ब्राऊन शुगर सुटताना होणाऱ्या यातनांना गर्दुल्ल्यांच्या बोलीतील ‘टर्की’ हा शब्द सर्वसामान्य वाचकालाही कळू लागला. परंतु डॉक्टरांनी लिहून दिलेली झोपेची गोळी दहा वर्षे नेमाने घेणाऱ्या शिक्षिकेला किंवा गृहिणीला हा शब्द वापरता येत नाही. तिने काही चोरून घेतलेले नसते, वेळ चुकवलेली नसते, मात्रा वाढवलेली नसते. ‘व्यसन’ म्हटले तर तिच्यावर दोष येतो, ‘सवय’ म्हटले तर यातना क्षुल्लक ठरते. ‘अवलंबित्व’ हा शब्द पारिभाषिक कोशात आहे, पण घरात तो कोणी उच्चारत नाही. परिणामी ‘गोळी सुटत नाही’ या एका वाक्यात सारे गुंडाळले जाते.

गॉर्डन : एका सल्ल्याची गोष्ट

बार्बरा गॉर्डन न्यूयॉर्कमध्ये दूरचित्रवाणीसाठी माहितीपट तयार करीत. या कामासाठी त्यांना एमी पुरस्कार मिळालेले होते. चिंतेसाठी मनोविकारतज्ज्ञाने दिलेले व्हॅलियम त्या अनेक वर्षे घेत होत्या. आपण गोळीवाचून रस्त्यावरही पाऊल टाकू शकत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी ती सोडायचे ठरविले. डॉक्टरांनी त्यांना मात्रा हळूहळू कमी करण्यास सांगितले नाही, तर एकदम बंद करण्यास सांगितले. पुढे जे घडले ते पुस्तकाच्या पूर्वार्धाचा गाभा आहे. कामावर जाणे बंद झाले, घराबाहेर पडणे बंद झाले, आणि ज्या जोडीदाराच्या आधारावर त्यांनी हे धाडस केले होते त्याच्या देखरेखीचे हळूहळू कैदेत आणि मारहाणीत रूपांतर झाले. शेवटी मनोरुग्णालय गाठावे लागले.

या पुस्तकाचे मोल त्यातील आधाराच्या चित्रणात आहे. घरचे माणूस म्हणजे आधार, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. गॉर्डन दाखवितात की काय घडते आहे याचे ज्ञान नसलेला जवळचा माणूस प्रथम घाबरतो, मग चिडतो आणि अखेरीस रुग्णाच्या दुबळेपणाचा ताबा घेतो. त्यांच्या जोडीदाराची क्रूरता सर्वस्वी त्याची होती आणि पुस्तक ती झाकत नाही. तथापि बंद दाराआडच्या त्या महिन्यांत तिसरे कोणी नव्हते, आणि तिसरे कोणी असण्याची सोय ज्या सल्ल्याने करून ठेवायला हवी होती तो सल्ला एका वाक्यात आटोपला होता. रुग्णालयात त्यांना सहरुग्णांची सोबत आणि एक तरुण मानसोपचारतज्ज्ञ स्त्री भेटते. पुस्तकाच्या उत्तरार्धातील संवाद बहुतेक या दोघींमध्ये होतात.

येथेच पुस्तकाची मर्यादाही स्पष्ट होते. जसजसे उत्तरार्धात पुढे जावे तसतसे व्हॅलियम मागे पडते आणि बालपण, आईवडील, प्रेमाची भूक हे विषय पुढे येतात. सारे दुःख स्वतःला न ओळखल्यामुळे झाले, असा सूर लागतो. १९७०च्या दशकातील अमेरिकन आत्मशोधाच्या वाङ्मयाशी तो सुसंगतच होता. परंतु त्यामुळे एका रासायनिक आणि वैद्यकीय घटनेचे रूपांतर चारित्र्याच्या कथेत होते. एकदम गोळी बंद करण्याच्या सल्ल्याचा हिशोब पुस्तकात पुरता होत नाही. पुस्तकातील आशा खरी आहे, मात्र ती चुकीच्या खात्यावर जमा झाली आहे. १९८२ साली निघालेल्या चित्रपटात जिल क्लेबर्ग यांनी भूमिका केली. या रूपांतराविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

ॲश्टन : कोष्टकाचे गद्य

हेदर ॲश्टन यांचा जन्म १९२९ साली डेहराडून येथे झाला आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. न्यूकॅसल विद्यापीठात त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे त्यांनी बेन्झोडायझेपिन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी एक दवाखाना चालविला. तेथे आलेल्या तीनशेहून अधिक व्यक्तींच्या अनुभवांवर आधारलेली त्यांची पुस्तिका १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली, २००२ मध्ये सुधारली गेली आणि २०११ मध्ये तिला पुरवणी जोडण्यात आली.

पुस्तिकेच्या प्रारंभीच लेखिका सांगते की या विषयातील आपले बरेचसे ज्ञान आपल्याला दवाखान्यात आलेल्या माणसांनी शिकविले. ‘रुग्ण’ हा शब्दही ती अवतरणचिन्हांत घालते. वैद्यकीय लेखनात कृतज्ञतेची अशी वाक्ये शिष्टाचार म्हणून असतात, पण येथे तो शिष्टाचार नाही. संपूर्ण पुस्तिकेची रचना त्या वाक्यावर उभी आहे. दर आठवड्याला, प्रसंगी दररोज, संपर्कात राहून ऐकलेल्या तक्रारी या पुस्तिकेत लक्षणांची यादी होतात. मुंग्या येणे, अंग बधिर होणे, आवाज असह्य वाटणे, आपण आपल्यातच नाही असे वाटणे या अनुभवांचा तेथे उल्लेख आहे, आणि प्रत्येकाचा यंत्रणेच्या अंगाने खुलासा आहे. ज्या वाचकाला आपण वेडे होत आहोत असे वाटत असते त्याला स्वतःची नेमकी तक्रार छापील पानावर सापडते. ‘हे इतरांनाही झाले आहे आणि याला कारण आहे’ एवढे कळणे हाच आधाराचा पहिला टप्पा असतो. ॲश्टन यांना त्यासाठी एकही भावनिक वाक्य लिहावे लागलेले नाही.

दुसऱ्या प्रकरणातील कोष्टके विशेष विचारात घेण्यासारखी आहेत. लवकर उतरणाऱ्या औषधाऐवजी शरीरात दीर्घकाळ रेंगाळणारे डायझेपाम टप्प्याटप्प्याने आणायचे आणि मग तेच कमी करत जायचे, ही पद्धत आहे. एक कोष्टक दररोज ६ मिलिग्रॅम अल्प्राझोलाम घेणाऱ्यासाठी आहे. त्याच्या बरोबरीचे डायझेपाम १२० मिलिग्रॅम भरते, आणि तेथून शून्यापर्यंतचा उतार सकाळ, दुपार व रात्र अशा रकान्यांत मांडलेला आहे. दर एक-दोन आठवड्यांनी आधीच्या मात्रेच्या सुमारे एक दशांश घट, असे साधारण प्रमाण आहे. म्हणजे हा प्रवास महिन्यांचा, क्वचित वर्षाहून अधिक काळाचा असतो. कोष्टक हा काव्याच्या विरुद्ध टोकाचा प्रकार समजला जातो. पण ज्याचा उद्यावरचा विश्वास उडालेला आहे अशा माणसाच्या हाती पुढच्या चाळीस आठवड्यांचा तक्ता देणे म्हणजे त्या चाळीस आठवड्यांत तो असेल हे गृहीत धरणे होय. (मराठीत ‘मात्रा’ हा शब्द वैद्यालाही लागतो आणि छंदःशास्त्रालाही लागतो, याची येथे सहज आठवण होते.)

तक्ता देऊन ॲश्टन तो वाचकाच्या ताब्यात ठेवतात. गती ज्याची त्याने ठरवावी, वाटल्यास एखाद्या टप्प्यावर दोन-तीन आठवडे थांबावे, शक्यतो मागे मात्र जाऊ नये, असे त्या सांगतात. तक्त्याने पछाडून जाऊ नका, काही महिने तो रोजच्या जगण्याचा एक भाग होऊ द्या, असा सल्लाही देतात. सोबतीविषयीचे त्यांचे म्हणणे तर गॉर्डन यांच्या अनुभवाला दिलेले उत्तर वाटावे असे आहे. पती, पत्नी, मित्र, डॉक्टर यांपैकी कोणीही चालेल, तो तज्ज्ञ असण्याची गरज नाही, पण त्याने या विषयाची माहिती करून घेण्याची तयारी ठेवली पाहिजे. येथे आधाराची व्याख्या प्रेमावर नव्हे तर वाचनाच्या तयारीवर केलेली आहे. कोरडी वाटली तरी ही व्याख्या अधिक सुरक्षित आहे.

ही पुस्तिका निर्दोष मात्र नाही. दवाखान्यातील बहुसंख्य लोक औषध सोडण्यात यशस्वी झाले हे ती ठामपणे सांगते. तो दवाखाना स्वेच्छेने आलेल्यांचा होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. सुमारे दहा ते पंधरा टक्के लोकांना दीर्घकाळ त्रास राहतो हे ती लपवीत नाही, पण त्यांच्यासाठी तिच्याजवळ धीराखेरीज फारसे काही नाही. आणखी एक स्थळ अधिक लक्षणीय आहे. शेवटचे काही मिलिग्रॅम सोडणे अवघड वाटते ते मुख्यतः भीतीमुळे, प्रत्यक्षात अखेरचा निरोप आश्चर्य वाटावे इतका सोपा असतो, असे ॲश्टन म्हणतात. पुस्तिकेतील हे सर्वांत आश्वासक स्थळ आहे, आणि पुढील संशोधनाने नेमके तेच अडचणीत आणले आहे.

अखेरच्या पायरीची उंची

मार्क हॉरोविट्झ हे नैराश्यावरील औषधांच्या मेंदूवरील परिणामांचा अभ्यास करून लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून डॉक्टरेट मिळविलेले मनोविकारतज्ज्ञ. ते स्वतः असे औषध अनेक वर्षे घेत होते. ते सोडताना आपल्याला झालेल्या त्रासाचे स्पष्टीकरण वैद्यकीय शिक्षणात नव्हते, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. डेव्हिड टेलर यांच्यासह २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’त प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी एक वक्ररेषा मांडली. औषधाची मात्रा आणि मेंदूवरील परिणाम यांचे प्रमाण सरळ नसते. सिटॅलोप्रॅम २० मिलिग्रॅमला सेरोटोनिन-वाहक प्रथिनाच्या सुमारे ८० टक्के जागा व्यापते, परंतु सुमारे साडेतीन मिलिग्रॅमलाही जवळजवळ ५० टक्के जागा व्यापलेल्या असतात. अर्थात २० वरून १० वर येणे ही लहान पायरी आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या सर्वांत लहान गोळीवरून शून्यावर येणे ही उंच कड्यावरून मारलेली उडी असते. मात्रा जितकी लहान, तितकी घट लहान, असा याचा व्यवहारी अर्थ आहे.

ॲश्टन यांची औषधे वेगळ्या गटातील होती आणि डायझेपाम हे स्वभावतःच सावकाश ओसरणारे आहे, हे खरे. तरीही ज्यांना शेवटचे मिलिग्रॅम सोडताना सर्वाधिक यातना झाल्या त्यांच्या बाबतीत ‘ही केवळ भीती’ असे म्हणणे दिलाशाऐवजी दोषारोप ठरू शकले असते. आशेचे वाक्य चुकीच्या माहितीवर उभे असेल तर ते ज्याला लागू पडत नाही त्याला अधिक एकटे पाडते. २०२४ साली हॉरोविट्झ व टेलर यांची ‘मॉड्स्ले डिप्रिस्क्रायबिंग गाइडलाइन्स’ प्रसिद्ध झाली. तिच्यातील तक्ते पाहिले की ॲश्टन यांच्या कोष्टकांची पुढील पिढी वाचत असल्याचे जाणवते.

डेलानो : दोन आवाज

लॉरा डेलानो यांचे ‘अनश्रंक’ हे या परंपरेतील अलीकडचे आणि सर्वाधिक चर्चिले गेलेले पुस्तक. कनेक्टिकटमधील सुखवस्तू घर, शाळेत वर्गाचे अध्यक्षपद, स्क्वॉशमध्ये राष्ट्रीय क्रमवारी, आणि चौदाव्या वर्षी पहिल्याच मनोविकारतज्ज्ञाने केलेले बायपोलर आजाराचे निदान. त्यानंतर तेरा वर्षे, एकोणीस औषधे, नामांकित रुग्णालये, २००८ मधील आत्महत्येचा प्रयत्न. २०१० मध्ये त्यांच्या हाती रॉबर्ट व्हिटेकर यांचे ‘ॲनाटॉमी ऑफ ॲन एपिडेमिक’ हे पुस्तक पडले, आणि आपले आयुष्य उपचार असूनही नव्हे तर उपचारांमुळे ढासळत असेल काय, असा प्रश्न त्यांना पडला. पाच औषधे त्यांनी काही महिन्यांत सोडली. आजच्या मापाने हा वेग फारच जास्त होता.

पुस्तकाचे खरे सामर्थ्य त्यातील दुहेरी आवाजात आहे. डेलानो स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळवून त्यांतील उतारे निवेदनात गुंफतात. एकाच दिवसाची दोन वर्णने वाचकासमोर येतात. एका वर्णनात ‘ती’ आहे, तिसऱ्या व्यक्तीत, लक्षणांच्या भाषेत. दुसऱ्यात ‘मी’ आहे, प्रसंगांच्या आणि लाजेच्या भाषेत. नोंद खोटी आहे असे डेलानो सहसा म्हणत नाहीत. नोंदीत जे मावले नाही ते त्या शेजारी ठेवतात. आपल्याविषयी लिहिले गेलेले वाचणे आणि त्यावर समासात उत्तर लिहिणे हीच येथे बरे होण्याची कृती आहे. एका ओळीच्या निदानाला शेकडो पानांचे उत्तर देणे अतिशयोक्त वाटेल, परंतु या विषमतेची जाणीव करून देणे हा पुस्तकाचा एक हेतूच आहे.

आधाराच्या बाबतीत हे पुस्तक गॉर्डन यांच्या पुढे जाते. दारू सोडण्यासाठी गाठलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांत डेलानोंना प्रथमच अशी माणसे भेटली की ज्यांना त्यांच्या निदानात रस नव्हता. तेथे कोणी तपासत नाही, नोंद ठेवत नाही, आपापली गोष्ट सांगतात आणि ऐकतात. आधार देणारा आणि घेणारा अशी कायमची वाटणी नसलेले हे नाते पुढे औषध सोडणाऱ्यांच्या परस्परसाहाय्याच्या वर्तुळांतही आढळते. ‘लाट’ आणि ‘खिडकी’ हे शब्द अशाच वर्तुळांत रुळले आहेत. त्रास उसळतो ती लाट, आणि मध्येच काही तास किंवा दिवस स्वच्छ वाटते ती खिडकी. कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या दोन शब्दांत या काळाचे स्वरूप अधिक नेमके आले आहे. खिडकी मिटली म्हणजे प्रकृती बिघडली असे नव्हे, एवढे ज्याला ठाऊक आहे तो पुढची लाट निराळ्या रीतीने सोसतो.

परंतु ‘अनश्रंक’ची एकूण चाल मुक्तीच्या कथेची आहे आणि तेथे तिच्याविषयी सावध राहणे भाग पडते. डेलानो स्वतःला औषधविरोधी म्हणवीत नाहीत. तथापि निवेदनाचा ओघ पूर्वार्धातील अंधारापासून उत्तरार्धातील उजेडाकडे इतक्या निश्चयाने जातो की औषधासह चांगले जगणारी माणसे त्याच्या काठावरही दिसत नाहीत. शिवाय महिनोन्‌महिने काम न करता सावरण्याची मुभा देणारे घर आणि पैसा यांचा या कथेतील वाटा लेखिकेला ठाऊक असूनही कथानकाला त्याचे ओझे जाणवत नाही. गॉर्डन यांच्याही बाबतीत हेच म्हणता येईल. ज्याला उद्या पाळीवर हजर व्हायचे आहे त्याच्या औषध सोडण्याची गोष्ट अद्याप कोणी पुस्तकाच्या लांबीने लिहिलेली दिसत नाही. आणि जे या प्रयत्नातून बाहेर आले नाहीत ते तर लिहीतच नाहीत.

रॅचेल अविव यांच्या ‘स्ट्रेंजर्स टु अवरसेल्व्ह्ज’ (२०२२) मधील डेलानोंवरील प्रकरण या दृष्टीने पूरक म्हणून वाचावे असे आहे. त्यापूर्वी २०१९ मध्ये अविव यांनी याच विषयावर ‘न्यूयॉर्कर’मध्ये दीर्घ लेख लिहिला होता. पुस्तकात त्या डेलानोंच्या कथेशेजारी स्वतःची कथा ठेवतात. नैराश्यावरील औषध त्याही अनेक वर्षे घेत आल्या, सोडण्याचा प्रयत्न केला आणि पुन्हा ते घेऊ लागल्या. या कबुलीत पराभवाचा सूर नाही आणि विजयाचाही नाही. औषध हे आपल्या ‘मी’चा भाग झाले आहे काय, या प्रश्नाशी त्या थांबतात. डेलानोंच्या पुस्तकाला जी दुसरी बाजू हवी होती ती अशी दुसऱ्या लेखिकेच्या पुस्तकात सापडते.

याचिकांचे वाङ्मय

स्कॉटलंडच्या संसदेपुढे आणि वेल्सच्या विधिमंडळापुढे लिहून दिलेल्या औषधांवरील अवलंबित्वासंबंधी याचिका दाखल झाल्या. त्यांना प्रतिसाद म्हणून सर्वसामान्य नागरिकांनी आपले अनुभव लिहून पाठविले. त्यांपैकी १५८ निवेदनांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वारंवार आढळलेली तक्रार अशी की त्रास सांगितल्यावर तो मूळ आजार उलटल्याचे किंवा नवाच आजार जडल्याचे ठरविले गेले. ही निवेदने लेखकांनी लिहिलेली नाहीत. त्यांत अलंकार नाही, कथानक नाही, बहुतेकांना शेवटही नाही. काही जण अजून औषधावर आहेत, काही अर्ध्या वाटेवर आहेत.

दरम्यान अधिकृत भाषा बदलत गेली. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या जुन्या मार्गदर्शिकेत नैराश्यावरील औषधे थांबविल्यानंतरची लक्षणे सहसा सौम्य असून आठवडाभरात ओसरतात असे म्हटले होते. मे २०१९ मध्ये तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने काही रुग्णांत ती तीव्र आणि दीर्घकाळ टिकणारी असू शकतात हे मान्य केले. २०२२ च्या नव्या मार्गदर्शिकेत मात्रा आधीच्या मात्रेच्या प्रमाणात व टप्प्याटप्प्याने कमी करण्याची शिफारस आली. तीव्र त्रास नेमक्या किती जणांना होतो हा वाद मात्र मिटलेला नाही. २०१९ मधील एका समीक्षणलेखाने निम्म्याहून अधिकांना लक्षणे होतात असा निष्कर्ष काढला होता. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’तील विश्लेषणाने औषध थांबविलेल्यांत सुमारे ३१ टक्के आणि निष्क्रिय गोळी थांबविलेल्यांतही सुमारे १७ टक्के असे आकडे देऊन प्रत्यक्ष औषधामुळे होणाऱ्या त्रासाचे प्रमाण साधारण सहा-सातांत एक इतके खाली आणले. त्यावर आक्षेप असा की अशा चाचण्यांतील बरीच माणसे औषध थोडेच दिवस घेतलेली असतात, आणि दहा वर्षे गोळी घेणारी व्यक्ती त्यांत क्वचितच असते.

आकड्यांच्या या वादात याचिकांतील निवेदने कोणत्याच बाजूचा निर्णायक पुरावा होऊ शकत नाहीत, कारण ज्यांना त्रास झाला नाही त्यांनी लिहिण्याचे कारण नव्हते. वाङ्मय म्हणून त्यांचे वाचन निराळ्या कारणाने करावे लागते. गॉर्डन यांच्या पुस्तकात आधार एका व्यक्तीच्या रूपाने येतो, ॲश्टन यांच्या पुस्तिकेत तक्त्याच्या, डेलानोंच्या पुस्तकात वर्तुळाच्या रूपाने येतो. याचिकेला उत्तर लिहिणाऱ्याजवळ यांपैकी बहुधा काहीच नसते. तो एका संसदीय समितीला उद्देशून लिहितो, औषधाचे नाव, सुरू केल्याचे वर्ष, मात्रा, कमी केल्याच्या तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे काय झाले ते सांगतो. ॲश्टन यांच्या दवाखान्यात जे तोंडी सांगितले जात होते तेच येथे लेखी आलेले आहे. फरक इतकाच की समोर ऐकणारे कोणी आहे की नाही हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही, आणि तरीही तारखा त्याने काळजीपूर्वक लिहिल्या आहेत.